परतीची तार

माणसांच्या अंगात येतं, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या खानदेशात कानबाईच्या रात्री गाणी रंगात आली, की एखाद्या बाईच्या अंगात येतं. मग तिच्यापुढे नारळ ठेवतात, तिला प्रश्न विचारतात आणि थोड्या वेळानं ती पाणी पिऊन शांत होते. पण पंख्याच्याही अंगात येतं, आणि तेही न्हाणीघरातल्या एका वीतभर पंख्याच्या, हे ज्ञान मात्र मला यंदाच्या श्रावणातच झालं.

हा पंखा आमच्या घरात कसा आला ते आधी सांगायला हवं. रावेरचं आमचं जुनं घर धाब्याचं होतं. न्हाणी मागच्या अंगणात. तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला तट्ट्या आणि वर उघडं आकाश. एका कोपऱ्यात पाण्याचा बंब आणि खाली घासून गुळगुळीत झालेला एक मोठा दगड. त्या न्हाणीतली वाफ कुठं जाते असा प्रश्न आमच्या घराण्यात कधी कुणी विचारला नव्हता. ती सातपुड्याकडे जात असावी! पुढे धाबं पाडून स्लॅबचं घर बांधलं आणि न्हाणी घरात आली. पण एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला जिना. खिडकीला जागाच उरली नाही. सगळे तिला बाथरूम म्हणू लागले. आई तेवढी अजून न्हाणीच म्हणते. आणि त्या गुळगुळीत फरश्यांवर तिची श्रद्धा कधीच बसली नाही.

तिचं खरंच होतं. गेल्या वर्षी भाद्रपदात ती त्या ओल्या फरशीवर घसरली. हात मोडला, सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, “मनगटावर निभावलं, खुबा सांभाळा.” आमच्या हवेची गंमत अशी, की वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टाकलेलं धुणं पाहता पाहता वाळतं, आणि श्रावणात तीच हवा इतकी दमट होते, की सकाळी ओली झालेली फरशी दुपारपर्यंत ओलीच राहते, कोपऱ्यात शेवाळ धरतं. म्हणून भिंतीला भोक पाडून आम्ही एक एक्झॉस्ट फॅन बसवला. न्हाऊन बाहेर आलं की तो अर्धा तास चालू ठेवायचा, एवढंच आईला सांगितलं होतं. पण रिकाम्या खोलीत पंखा फिरतो आहे, हे तिच्या पिढीला बघवत नाही. ती बाहेर यायची आणि पहिल्यांदा बटण बंद करायची.

यंदा कानबाईच्या रोटांना माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. रोटांना कितीही लांबचा भाऊबंद असला तरी येतो. तो प्रसाद घरच्यांनीच खायचा असतो. येताना त्यानं एक लहानसं खोकं आणलं होतं. आत होतं एक काचेचं बटण. “दादा, हे स्मार्ट स्विच,” तो म्हणाला. “आईनं एकदा बोट लावायचं, पंखा अर्धा तास चालेल आणि आपोआप बंद होईल.” त्यानं स्वतःच जुनं बटण काढलं, नवं बसवलं, माझ्या मोबाइलवर काही तरी उतरवून घेतलं. सोमवारी कानबाई बोळवून रात्रीच्या गाडीनं तो गेला. जाताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, “आईनं पंखा लावला की मला इकडे कळतं. सकाळी ती उठली, तिची अंघोळ झाली, एवढं समजलं की बरं वाटतं. तिला मात्र सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही. त्यात काही गैर आहे असं त्या वेळी मला वाटलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी पंखा गुरगुरू लागला. बंद असताना! पाती फिरत नव्हती. जागच्या जागी थरथरत होती आणि आतून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता. आई दारात उभी राहून म्हणाली, “हा काय रे गुरगुरू राह्यला? बंद केला तरी बोलतोच!” मी मोबाइल उघडला. तिथं स्वच्छ लिहिलेलं : पंखा बंद आहे. कान सांगत होते एक आणि यंत्र सांगत होतं दुसरं. अशा वेळी सुशिक्षित माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो. मी आईला म्हटलं, “तुला भास होतोय.”

वाचकहो, मी मराठी शिकवतो आणि अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. माझं शास्त्राचं शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलं. तरीही पुढचे आठ दिवस मी त्या बटणाची जी चिकित्सा केली, ती एखाद्या वैद्यालाही लाजवील. आधी बटण दहा सेकंद दाबून त्याची स्मृती पुसली. मग वायफायची डबी बंद करून चालू केली. ही डबी दोन भाषा बोलते, असं मला नव्यानंच कळलं : एक ५ गिगाहर्ट्झची आणि एक २.४ गिगाहर्ट्झची. पहिली चपळ, पण भिंतीपुढे दमणारी. दुसरी मंद, पण भिंती ओलांडून लांब जाणारी. आणि आमच्या बटणाला येत होती फक्त दुसरी. माझा मोबाइल पहिलीतून बोलत होता. दोघांना एका भाषेवर आणण्यात माझी एक रविवारची दुपार गेली. शेवटी बटण माझ्या मोबाइलशी अगदी गोडीनं बोलू लागलं. पंखा मात्र गुरगुरतच राहिला. दुखणं तारेत होतं आणि मी औषध हवेला देत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मग ती रात्र आली. पावसाचा जोर होता, लाईट गेलेली होती. दोनच्या सुमारास ती आली आणि चारपाच मिनिटांत माझा फोन वाजला. पुण्याहून धाकटा. आवाज घाबरलेला. “दादा, आई इतक्या रात्री न्हाणीत का गेलीय? बरं नाही का तिला? जरा बघ ना!” मी धडपडत उठलो. आई आपल्या खाटेवर शांत झोपली होती. आणि न्हाणीत कुणी नसताना पंखा भरवेगानं फिरत होता! खरं सांगतो, क्षणभर माझ्याही पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. बोलण्याच्या आवाजानं आई जागी झाली. सगळं ऐकून तिनं एकच प्रश्न विचारला, “पंखा आपल्या घरी लागला. मंग त्याले पुन्यात कसं कयलं?”

मी म्हटलं, “झोप तू. सकाळी सांगतो.” सकाळी मी शाळेत लवकर गेलो.

शेवटी वायरमनला बोलावणं भाग पडलं. आमचा वायरमन म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. व्याकरणात तो तीनदा नापास झाला होता आणि त्याबद्दल मी त्याला पुष्कळ बोललोही होतो. आता तो तालुक्यातल्या केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरची कामं करतो. तिथं बंद खोलीत केळीला इथिलीन वायू देतात. मग साचलेली हवा पंख्यांनी बाहेर काढावी लागते, नाहीतर घड नीट पिकत नाहीत. म्हणजे हवा बाहेर घालवणं हा त्याचा धंदाच. त्यानं आधी मेन स्विच पाडला, मग बटण खोललं आणि मोबाइलकडे ढुंकूनही न बघता खिशातून एक जुनं साधं बटण काढून त्याच दोन तारांना जोडलं. मेन चालू केला. गुरगुर बंद! “पंखा चांगला आहे, सर,” तो म्हणाला. आठ दिवसांत जे मला सुचलं नव्हतं ते त्यानं आठ मिनिटांत केलं : नवीन वस्तूवर संशय असेल तर जुनी लावून पाहायची.

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. “सर, साधं बटन म्हणजे दार. उघडलं तर करंट गेला, लावलं तर थांबला. हे नवं बटन म्हणजे दारावरचा रखवालदार. याले रात्रंदिवस जागं राहावं लागते, मोबाइलची हाक ऐकावी लागते. जागं राहायचं म्हणजे खायला पाह्यजे. खाणं येते फेजमधून; पण आलेल्या करंटाले परत जायलेही वाट लागते ना? ती वाट म्हणजे न्यूट्रल. या बोर्डात न्यूट्रलच नाही.”

खरंच, बोर्डात दोनच तारा होत्या : एक वीज आणणारी आणि एक ती पंख्याकडे नेणारी. परतीची तार पंख्यापासूनच भिंतीतून वरच्या वर निघून गेली होती. ज्या बोर्डावर प्लग असतो तिथं ती सापडते. नुसत्या दिव्यापंख्याच्या बोर्डावर ती ओढण्याची पूर्वी कुणाला गरजच वाटली नाही. मग हा रखवालदार काय करायचा? आपली चिमूटभर वीज पंख्याच्याच अंगातून परत पाठवायचा. जुन्या साठ वॅटच्या बल्बला तिची दादही लागली नसती. पण असा छोटा पंखा तेवढ्यानंही गुरगुरतो आणि हल्लीचा एलईडी दिवा तेवढ्यानंही मिणमिणतो. बटणाच्या पाठीला तिसऱ्या तारेसाठी एक भोक होतं. धाकट्यानं ते मोकळंच सोडलं होतं. सोडणारच, तार होती कुठं!

“कपॅसिटर लावून भागेल का?” मी माझं ज्ञान पाजळलं. कपॅसिटर हा शब्द आमच्याकडे शेतकऱ्यांच्या पोरांनाही ठाऊक आहे. पंपाचे ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. “भागेल,” तो म्हणाला. “पंख्याच्या दोन तारांवर एक बारका कपॅसिटर टाकला, की ती चिमूटभर वीज त्याच्यातून जाईल. पन ती मलमपट्टी झाली. न्यूट्रल ओढू.” शेजारच्या खोलीतल्या प्लगमधून त्यानं तार आणली. तीसुद्धा तपासून, त्याच लाईनचा न्यूट्रल हवा, दुसऱ्या लाईनचा घेतला तर ईएलसीबी पडतो, हे सांगायला विसरला नाही.

रात्री दोनच्या भुताचं नाव मात्र त्यानं ऐकताक्षणी सांगितलं. “सर, आपल्या मळ्यातल्या मोटारीचा ऑटो काय करतो?” मला हसूच आलं. वडील होते तेव्हा केळीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री मळ्यात जात. रात्रीची वीज कधी येईल त्याचा भरवसा नसे. पुढे ऑटो आला : लाईट आली की मोटार आपणहून सुरू. त्यानंतर मोबाइल स्टार्टर आले; घरून फोन लावला की मळ्यातली मोटार चालू. म्हणजे ज्या नवलाईसाठी मी आठ दिवस खपलो, ती आमच्या बांधावर केव्हाच येऊन जुनी झाली होती! आमच्या बटणातही तोच ऑटो होता : ‘वीज परत आल्यावर चालू’. त्यानं ते ‘बंद’ केलं, आणि दोन वाजताचं भूत गावाबाहेर गेलं.

आई इतका वेळ उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “काहो भाऊ, हा पंखा लागला का पुन्यात कयते का?” त्या भल्या माणसाला काय माहीत! तो कौतुकानं म्हणाला, “हो माय! पुन्यातच काय, अमेरिकेतबी कयते. किती वाजता लागला, किती वाजता बंद झाला, सगळं मोबाइलवर दिसते.”

आई काही बोलली नाही. उठून चहा टाकायला गेली.

त्यानंतरचे तीन दिवस फरशी पुन्हा ओली राहू लागली. माझ्या आधी ते माझ्या बायकोच्या लक्षात आलं : आई पंखा लावतच नव्हती. दार लावून, वाफेत, ओल्या फरशीवर पाय चाचपत ती न्हाऊन येत होती. बटणावर एक निळा ठिपका चमकतो. त्यावर तिनं माझ्या मुलीची एक टिकली चिकटवून टाकली होती. तिकडे धाकट्याला तीन दिवस काहीच कळेना, तो रोज सकाळी सात वाजता मला फोन करी, “आई बरी आहे ना?” ज्या मनगटासाठी एवढा खटाटोप, ते मनगट आई पुन्हा पणाला लावत होती, आणि ते आमच्याच प्रेमामुळे!

चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, “आई, पंखा का लावत नाहीस?”

ती म्हणाली, “मी न्हानीत कव्हा जाते, कव्हा निंघते, हे माह्या पोराले दिसावं का? एवढं जग पाह्यलं, पन न्हानीत राखन नव्हती रे कोन्ही ठेवली.”

मला उत्तर सुचलं नाही. कादंबरीत माझी पात्रं अशा वेळी पानभर बोलतात. मी उठून गच्चीवर गेलो आणि धाकट्याला फोन लावला. त्याला जरा कडकच बोललो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “दादा, तुझं बरोबर आहे. पण तू तिथं आहेस. तुला तिच्या बांगड्यांचा आवाज येतो, चहाचा वास येतो. मला इथं पाचलाच जाग येते. साडेपाचला ती वर्दी आली, की वाटायचं, घर उठलं. दिवसभरात तेवढंच एक घरचं असायचं.”

आता सांगा, मी कुणाची बाजू घ्यायची? आईची लाज खरी होती आणि त्याची भूक खरी होती. मला वायरमनचे शब्द आठवले : आलेल्याला परत जायलाही वाट लागते. आम्ही आईच्या अंगणातून पुण्यापर्यंत एकच तार ओढली होती. तिच्याकडची खबर तिच्या नकळत तिकडे जात होती. तिकडून तिच्याकडे मात्र काहीच येत नव्हतं. मग घर गुरगुरणार नाही तर काय होईल?

मी फोन तसाच आईच्या हातात दिला. ती बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ करीत होती. मग म्हणाली, “पंख्याले काय इचारतो? मले इचार. मी काही मुकी नाही. न्हाऊन निंघाली का मीच फोन लावीन.” आणि धाकट्यानं तिकडे बसून आपल्या मोबाइलवरची ती वर्दी स्वतःच्या हातानं बंद केली.

तरीही फरशी म्हणावी तशी वाळेना. पंखा मुकाट, बटण आज्ञाधारक, आई राजी, आणि फरशी ओली! पुन्हा वायरमन आला. त्यानं कागदाचा एक तुकडा पंख्याच्या जाळीला लावून पाहिला, कागद चिकटेना. मग त्यानं दाराकडे पाहिलं. झुरळं येतात म्हणून आम्ही दाराखाली रबराची पट्टी ठोकली होती. “सर, बाहेर जायले हवा तं पाह्यजे! आत कुठून येईल?” पट्टी काढून त्यानं बोटभर फट ठेवली, कागद जाळीला गच्च चिकटला.

मला बऱ्हाणपूरची शाळेची सहल आठवली. रावेरहून ते जवळच, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात. तिथं १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे : सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलेलं आणि त्या बोगद्यावर ओळीनं विहिरींसारख्या कुंड्या. ह्या कुंड्या कशासाठी, असं मुलांनी विचारलं, तेव्हा मी ऐटीत सांगितलं होतं, की आत हवा खेळावी म्हणून. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांचं शहाणपण मुलांना सांगून घरी आलो आणि स्वतःच्या न्हाणीला पट्टी ठोकून बसलो!

आता सगळं सुरळीत आहे म्हणावं, तर तसंही नाही. फरशी तासाभरात वाळते, शेवाळ गेलं. पण आई कधी फोन लावायला विसरते, पूजेत गुंतते, कधी लाईनच मिळत नाही, मग सातला माझा फोन वाजतो आणि मी धाकट्याला सांगतो, “अरे, ती तुळशीपाशी आहे.” कधी दोघं बोलता बोलता इतके रंगतात, की अर्धा तास होऊन पंखा आपला आपण थांबतो, तरी यांचं संपत नाही. काय बोलतात कोण जाणे! परवा ऐकलं तर आई त्याला भरीत कसं करायचं ते सांगत होती. वांगी कुठली घ्यावीत यावर दोघांचा वाद चालला होता.

वायरमनला मी मजुरी देऊ लागलो, तर त्यानं फक्त तारेचे पैसे घेतले. म्हणाला, “सर, तुम्ही मले शिकवलं, त्याचे कुठं पैसे घेतले?” मी त्याला काय शिकवलं होतं ते मला चांगलं आठवतं, म्हणून मी अधिक आग्रह केला नाही.

धाकटा नरकचतुर्दशीला येतो आहे. आईनं उटणं आणून ठेवलं आहे आणि पहिली अंघोळ त्याची, असं आधीच जाहीर केलं आहे. पहाटे न्हाणीत वाफ कोंदेल, तेलाचा वास घरभर पसरेल, बाहेर मुलं फटाके घेऊन ताटकळतील. बटणावरची टिकली अजून तशीच आहे. ती कुणी काढायची नाही, असं आईनं बजावलं आहे.